लाल टाक्याची गादी

बिबवेवाडी,
४ नोव्हेंबर २०२४

महोदय,

नमस्कार. विनंती विशेष नाही, तक्रार विशेष आहे.

जगात युद्धं चालू आहेत, हिमनद्या वितळताहेत आणि माझ्या आईच्या नव्या गादीला एका कोपऱ्यात लाल टाका आहे. पहिल्या दोन गोष्टींबद्दल कोणाला लिहायचं ते मला ठाऊक नाही. तिसरीच्या पावतीवर आपला पत्ता आहे.

धनत्रयोदशीला आपल्या हडपसरच्या दुकानातून ही गादी घेतली. तीन कोपऱ्यांना पांढरा दोरा, चौथ्याला लाल. तोही जाड, हाताने घातलेला. आपल्या कारखान्यात पांढरा दोरा संपला तरी काम थांबवण्याची पद्धत नसावी. उद्योगी माणसं आहात, कौतुक वाटलं. पण माझ्या आईला वाटलं नाही.

आई, कुसुम खळदकर, वय एक्याऐंशी. गादी घरात आली तेव्हा तिने तिच्यावरून हात फिरवला. लाल टाक्यापाशी अंगठा थांबला. बराच वेळ थांबला. मग ती उठली आणि तिने आपली जुनी गादी पुन्हा कॉटवर पसरली. म्हणाली, "ह्या नव्या गादीवर मी झोपणार नाही."

"का?"

"झोपणार नाही म्हटलं ना."

जुन्या गादीचं वर्णन करत नाही. तिच्यात आणि चादरीत फरक एवढाच, की चादर धुता येते.

आपल्या ॲपवर तक्रार केली. ॲपने विचारलं, 'तुमची झोप कशी होती? पाचपैकी तारे द्या.' मी कळवलं, की झोप नाही, नुसते तारेच दिसताहेत. त्यावर ॲपने अभिनंदन केलं.

तरी टाका बदलून द्यावा, किंवा गादी, किंवा ॲप.

आपला (तूर्तास),
रंगनाथ खळदकर

शनिवारच्या अंकात माझं सदर असतं. ही धमकी नाही, ओळख आहे.

•

दादामियाँ अँड सन्स, हडपसर,
११ नोव्हेंबर २०२४

श्री. रंगनाथ खळदकर यांस,

नमस्कार. कागदावर, शाईने लिहिलेली तक्रार आमच्याकडे नऊ वर्षांनी आली. ऑफिसातल्या पोरापोरींनी ती आधी एकमेकांना वाचून दाखवली, मग माझ्या टेबलावर ठेवली. तुम्ही 'महोदय' लिहिलंय. महोदय म्हणजे मी. पाटीवर 'अँड सन्स' आहे, कारण ती रंगवली तेव्हा माझ्या आजोबांना नातीचा अंदाज नव्हता, आणि रंग अजून टिकून आहे.

टाका बदलून मिळणार नाही. का, ते सांगते.

आजोबा दादामियाँ खांद्यावर पिंजायची कमान टाकून खडकीच्या क्वार्टरांतून हिंडत. हाक घालावी लागत नसे. कमानीची तात झंकारली की बायका जुन्या गाद्या घेऊन दारात येत. १९५७च्या जानेवारीत माझे अब्बा चार वर्षांचे होते, न्यूमोनियाने सरकारी दवाखान्यात. खाटेवर अब्बा, खाटेखाली शहाबादी फरशी, फरशीवर माझी आजी अमिनाबी. अकरा रात्री. अब्बा बरे झाले, आजीची कंबर कायमची गेली. घरी आल्यावर ती आजोबांना म्हणाली, "सगळ्या खडकीचा कापूस पिंजता, आणि माझ्या पाठीखाली बोटभर नव्हता. दुखणेकऱ्याला खाट मिळते. त्याच्या माणसाने कुठे पडायचं?"

आजोबांना भांडण जिंकायची सवय नव्हती. त्या आठवड्यापासून बोहनीची गादी दवाखान्याला. आठवड्यातली पहिली गादी, जिचे पैसे व्यापारी डोळ्याला लावतो, ती फुकट. बाजार म्हणाला, पिंजाऱ्याचं डोकं पिंजलं गेलंय. आजोबांच्या काळात आठवड्याला एक गादी जायची, अब्बांच्या काळात रोज एक, आता कारखान्याच्या प्रत्येक पाळीला एक. खडकीच्या एका गाळ्यापासून आम्ही चारशे कामगारांपर्यंत आलो, अकरा राज्यांतल्या हॉटेलांत आमच्या गाद्यांवर माणसं घोरतात. बोहनी मात्र आजवर एकदाही घरात आलेली नाही.

दवाखान्याच्या आवारात एक पत्र्याची खोली आहे. लोक तिला गादीघर म्हणतात. रुग्णाच्या माणसाने यावं, गादी न्यावी. अनामत नाही, अर्ज नाही. नाव विचारायचं नाही, हा आजीचा नियम. "ज्याचं माणूस आत पडलंय, त्याला 'तू कोण' विचारू नये. त्यालाच तेव्हा माहीत नसतं." परत देताना एकच अट: गादीला ऊन दाखवून आणायचं. दुखणं पाहिलेली गादी ऊन दाखवल्याशिवाय दुसऱ्याच्या अंगाखाली जाऊ नये.

ह्या गाद्या ओळखू याव्यात म्हणून आजी एका कोपऱ्याला लाल दोरा घालायची. पुढे अब्बांनी तोच टाका विकायच्या गाद्यांनाही घातला. विकत घेणारा आणि उसनी नेणारा एकाच गादीवर झोपला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

तर तो दोष नाही, खळदकर. आमच्या मालात तेवढी एकच गोष्ट आहे जी मशीन करत नाही.

ॲपबद्दल मात्र तुम्ही म्हणता ते खरं आहे.

नाजिमा नदाफ

•

बिबवेवाडी,
१८ नोव्हेंबर २०२४

नाजिमाताई,

नमस्कार. 'महोदय'बद्दल माफी. पाटीवर विश्वास ठेवला. पुण्यात राहूनही ही चूक केली.

आपलं पत्र आईला वाचून दाखवलं. तिने उठून चहा टाकला. त्या दिवशीचा चहा मात्र बिनसाखरेचा झाला.

आता एक शंका. माझी नव्हे, एका ओळखीच्या गृहस्थांची. १९८८ साली त्यांचे वडील त्याच सरकारी दवाखान्यात होते. तेवीस रात्री. गृहस्थ तेव्हा पंधरा वर्षांचे. त्यांची आई खाटेखाली एका गादीवर झोपायची. गादी कुठून आली, हे गृहस्थांनी कधी विचारलं नाही. त्या वयात गाद्या आपोआप येतात. चोविसाव्या सकाळी वडील गेले. नातेवाइकांनी तांब्या, डबे, स्टोव्ह, अंथरूण असं दिसेल ते टेम्पोत भरलं. त्यात गादीही भरली गेली. गृहस्थ घरी येईपर्यंत तिच्यावरच बसून होते.

आई वर्षभर म्हणत राहिली, "ती परत द्यायचीय." पण नवऱ्याशेजारच्या शेवटच्या तेवीस रात्री त्या कापसात होत्या. त्या कशा परत करायच्या? मग पाच वर्षं झाली, मग दहा, आणि मग लाज वाटायला लागली. छत्तीस वर्षं ती बाई त्या गादीवर झोपते आहे. हे सगळं गृहस्थांना गेल्या मंगळवारी कळलं. तोवर ते समजत होते, की म्हाताऱ्या माणसांना जुनी गादी सुटत नाही.

एक्याऐंशीची आहे ती. गृहस्थ विचारतात, आता काय करावं?

आपला,
रंगनाथ खळदकर

•

हडपसर,
२५ नोव्हेंबर २०२४

रंगनाथराव,

तुमच्या त्या ओळखीच्या गृहस्थांना सांगा, की घाई नाही. गादीघराने आजवर कोणाच्या दारात माणूस पाठवलेला नाही. आणि त्यांच्या आईला माझा सलाम सांगा. तुमच्याच आईच्या वयाच्या आहेत, हा योगायोग मी कोणाला बोलणार नाही.

पण घाई नाही असं म्हणताना माझी जीभ अडखळते. परवा दवाखान्याच्या कार्यालयाचं पत्र आलं. आवारात गाड्या लावायला जागा हवी आहे. पत्र्याची खोली ३१ जानेवारीपर्यंत रिकामी करावी. सेवा खरोखर चालू आहे असं आमचं म्हणणं असल्यास पुरावा द्यावा, 'लाभार्थ्यांची नावानिशी यादी जोडावी'.

यादी! सदुसष्ट वर्षांत आम्ही एक नाव लिहिलेलं नाही. ज्या गोष्टीचा आजीला अभिमान होता, तीच आता आमच्या विरुद्धचा पुरावा आहे. मी अधीक्षकांना भेटून आले. सज्जन माणूस. म्हणाले, "मॅडम, मला पटतंय हो. पण फायलीला पटलं पाहिजे."

माझा भाऊ शहाबाज म्हणतो, आपा, सोडून दे. तीन किलोमीटरवर आपली जागा आहे, तिथे तीन मजले बांधू, काचेचे. त्याची मुलगी म्हणते, प्रत्येक गादीला क्यूआर कोड लावू, स्कॅन केलं की नाव, नंबर, आधार. पोरगी हुशार आहे, मनाने चांगली आहे. मी तिला एवढंच म्हटलं, "रात्री अडीचला ज्याच्या बापाला आत नेलंय, तो आधी तुझं चौकटीचं चित्र बघेल की तीन किलोमीटर चालत जाईल?"

गादी खाटेपासून शंभर पावलांवर असेल तरच ती गादी. नाहीतर ते फर्निचर.

नाजिमा

•

बिबवेवाडी,
५ डिसेंबर २०२४

नाजिमाताई,

फायलीला पटवायचं तर फायलीसारखं जाड काहीतरी लागेल. मी सदरात लिहू का? लोक मला गंभीरपणे घेत नाहीत, पण वाचतात. पुण्यात ह्याच्या उलटं नशीब असलेले लेखक फार आहेत.

रंगनाथ

•

हडपसर,
१२ डिसेंबर २०२४

रंगनाथराव,

नको. आम्ही ह्या कामाची कधी जाहिरात केली नाही. अब्बांनी एका मंत्र्यांना गादीघराची फीत कापू दिली नव्हती. म्हणाले, "साहेब, इथे कापायला काही नाही, टाके घालायला आहे." तुमचा हेतू चांगला आहे, पण आजी वर बसून बघतेय, आणि तिची कंबर दुखतेय म्हणून तिला झोपही येत नाही.

नाजिमा

•

बिबवेवाडी,
११ जानेवारी २०२५

नाजिमाताई,

आपली हरकत पोचली. महिनाभर ती आदराने टेबलावर ठेवली होती. काल उचलून बाजूला ठेवली. कारण मी आपली जाहिरात केलेली नाही. मी चोरांची केली आहे. आजच्या अंकाचं कात्रण सोबत आहे, तरी मुख्य भाग इथे उतरवतो:

'पुण्यातील समस्त गादीचोरांना जाहीर आवाहन. आपल्या घरात, माळ्यावर, दिवाणाखाली किंवा सासूबाईंच्या अंगाखाली जिच्या एका कोपऱ्याला लाल दोऱ्याचा टाका आहे अशी गादी असल्यास, ती कदाचित आपली नाही. आपलं माणूस दवाखान्यात होतं तेव्हा ती आपल्याला कोणीतरी दिली होती. देणाऱ्याने नाव विचारलं नाही, आपण सांगितलं नाही. दोघांनीही योग्य केलं. आता ती खोली पाडायची आहे, कारण तिच्याकडे आपली नावं नाहीत. तेव्हा रविवार, १९ जानेवारीला सकाळी नऊ वाजता गादीला ऊन दाखवून दवाखान्याच्या दारात यावं. नाव सांगायची गरज नाही. गादी फाटली असल्यास तुकडा आणावा. लाज वाटत असल्यास तीही आणावी, तिथे बरीच जमणार आहे. प्रस्तुत लेखकाच्या ओळखीचे एक गृहस्थ ह्या टोळीत छत्तीस वर्षांपासून आहेत.'

रागावला असाल तर पाचपैकी तारे द्या.

रंगनाथ

•

हडपसर,
२० जानेवारी २०२५

रंगनाथराव,

काल सकाळी साडेआठला मी रागातच निघाले होते. शहाबाज गाडी चालवत होता. म्हणाला, "आपा, पंधरावीस लोक येतील. तोंड पाडू नकोस." दवाखान्याच्या अलीकडच्या सिग्नलला गाडी अडली. मला वाटलं, अपघात झाला. शहाबाज काच खाली करून बघायला लागला.

गाद्या होत्या, रंगनाथराव. स्कूटरवर आडव्या, रिक्षाच्या टपावर, डोक्यावर, दोघांनी चार टोकांना धरून आणलेल्या. पीएमटीच्या कंडक्टरने एकाला म्हटलं म्हणे, "गादीचं हाफ तिकीट घ्या, नाहीतर मांडीवर घ्या." बिबवेवाडीपासून खडकीपर्यंतची माणसं. काहींची गादी विरून गेली होती, तर ते नवी घेऊन आले आणि लाल टाका घरीच घालून आणला, वेडावाकडा. एका म्हाताऱ्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून नुसता कोपरा आणला होता. "बाकीच्या कापसाच्या उशा झाल्या नातवंडांच्या," म्हणाले, "एवढा तुकडा देव्हाऱ्याशेजारी ठेवला होता." मी तो हातात घेतला. आजीचा टाका होता. ती दोऱ्याला गाठ उलटी मारायची, आमच्या घरात दुसऱ्या कोणाला ती जमली नाही. मी रस्त्यातच बसले.

शहाबाजची मुलगी मोजायला उभी होती. चारशेपर्यंत मोजलं, मग मोबाइल खिशात टाकला आणि गाद्या उतरवायला लागली. क्यूआर कोडचं नाव त्यानंतर काढलेलं नाही.

अधीक्षकांची गाडी आवारात येईना, म्हणून ते पायी आले. त्यांना पाहून हडपसरच्या गावठाणातल्या एक आजीबाई, तुळजाबाई नाव, त्यांचं त्यांनीच सांगितलं, गादी खाली न ठेवता पुढे झाल्या. "सायेब तुमीच का? यादी मागितली व्हती म्हनं?"

"हो, म्हणजे नियमाप्रमाणे..."

"ही काय, हुबी हाय. मोजून घ्या."

अधीक्षक मागे वळले, तर मागे त्यांच्याच कार्यालयातले माधवराव. आम्हाला ती नोटीस ज्यांनी टाइप केली, तेच. काखेत गादी. म्हणाले, "सर, आमची दोन हजार चारची आहे. आई होती ना तेव्हा." अधीक्षकांनी चष्मा काढला आणि पुसला.

साडेसातशेच्या पुढे गाद्या. खोलीत मावेनात. दवाखान्याच्या भिंतीवर, कुंपणावर, गाड्या लावायच्या सगळ्या जागेवर पसरल्या. प्रत्येक गादी ऊन खाऊन आलेली होती. सगळ्या आवारात औषधाचा वास नव्हता, उन्हात तापलेल्या कापसाचा होता.

मी तुम्हाला शोधत होते.

राग गेला, असं समजू नका. तुम्ही माझा नकार मोडलात. आजी असती तर तुम्हाला आधी जेवायला वाढलं असतं आणि मग बोल लावले असते.

नाजिमा

•

बिबवेवाडी,
२४ जानेवारी २०२५

नाजिमाताई,

मी होतो. समोरच्या चहाच्या टपरीमागे, रिकाम्या हाताने. सगळ्या शहराला बोलावून स्वतः मोकळे हात हलवत येणारा माणूस तिथे एकटाच होता. पुढे यायचं धैर्य झालं नाही. तीन चहा प्यालो.

ओळखीच्या गृहस्थांचं असं झालं, की रविवारी सकाळी ते आईच्या गादीला हात लावायला गेले, तर आई म्हणाली, "अशी नेऊ नकोस. चपाती झालीय तिची. दिली तेव्हा फुगलेली होती. जशी आणली तशी द्यायची असते." गृहस्थ म्हणाले, "अगं, आज सगळे नेताहेत." ती म्हणाली, "सगळ्यांनी छत्तीस वर्षं ठेवली नव्हती."

गृहस्थ गादी तिथेच ठेवून निघाले. त्यांचा सगळा तिखटपणा शनिवारी संपतो.

फाइलचं काय झालं?

रंगनाथ

•

हडपसर,
१० मार्च २०२५

रंगनाथराव,

फाइलला पटलं!

दवाखान्याच्या समितीची बैठक झाली. गाड्या मागच्या बाजूला लावायच्या ठरल्या. पत्र्याची खोली जाणार, पण तिच्याऐवजी नव्या इमारतीत तळमजल्यावर, अतिदक्षता विभागाच्या दारापासून ऐंशी पावलांवर, मोठं दालन मिळालंय. मी स्वतः चालून मोजली. कायमस्वरूपी, लेखी, शिक्क्यासह. आणि अट क्रमांक चार वाचा, अधीक्षकांनी स्वतः घातली आहे: 'सदर सेवेत लाभार्थ्यांची नावे घेण्यात येऊ नयेत.' आजीचा नियम आता सरकारी कागदावर आहे. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं.

शहाबाजने काचेचे तीन मजले रद्द केले. त्या पैशात आणखी पाच जिल्ह्यांच्या दवाखान्यांत गादीघरं निघणार. नागपूर, सोलापूर इथून तर हॉटेलवाल्यांचीच पत्रं आलीत, आमच्याही बोहनीची एक गादी घ्या म्हणून. आजोबांना वेडा म्हणणारा बाजार आता रांगेत उभा आहे. अब्बा बहात्तर वर्षांचे आहेत, त्यांना गुडघे धड वाकवता येत नाहीत, पण परवा कारखान्यात खाली बसून त्यांनी नव्या दालनातल्या पहिल्या गादीला स्वतः लाल टाका घातला. कामगारांनी मशीन बंद केली. शिट्टी झाली नव्हती, कोणी सांगितलंही नव्हतं.

२३ मार्चला, रविवारी, दालन उघडतोय. रोजे चालू आहेत, त्यामुळे माझ्याकडून तुम्हाला चहाही मिळणार नाही. अधीक्षकांनी मोठी पाटी सुचवली होती, दादामियाँ आणि अमिनाबींच्या नावाची. आम्ही नको म्हटलं. पाटीवर एवढंच आहे: 'गादी हवी? आत या.' तुम्ही यावं, पहिली गादी तुमच्या हाताने द्यावी, अशी सगळ्यांची इच्छा आहे. माझीसुद्धा.

नाजिमा

•

बिबवेवाडी,
१७ मार्च २०२५

नाजिमाताई,

सगळ्यांचं अभिनंदन. अब्बांना माझा नमस्कार सांगा. अट क्रमांक चार मी आईला दोनदा वाचून दाखवली. तिसऱ्यांदा तिने कागद स्वतःच्या हातात घेतला.

समारंभाला येत नाही. गादी देण्याचा अधिकार ज्याने परत केली आहे त्याला. त्या दिवशी पहिली गादी तुळजाबाईंच्या हातून द्या. त्यांना यादीचा अनुभव आहे.

मागच्या तक्रारीबाबत: ती मी मागे घेत आहे. टाका आहे तसाच राहू द्यावा. ॲपबद्दलचं मत कायम.

रंगनाथ

•

(२४ मार्च २०२५ला सकाळी नऊच्या सुमाराला गादीघराच्या उंबऱ्याशी एक जुनी गादी होती. कापूस नव्याने पिंजलेला, खोळ धुतलेली. कोपऱ्यातला लाल टाका जुनाच, उलट्या गाठीचा. त्याला टाचणीने चिठ्ठी लावली होती.)

परत.

बिबवेवाडीत एकच पिंजारी उरला आहे, त्याच्याकडून पिंजून घेतली. त्याने लाल टाका ओळखला आणि मजुरी घेतली नाही. चार दिवस गच्चीवर ऊन दाखवलं. आई तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसली होती.

काल रात्री ती नव्या गादीवर झोपली. सकाळी सातपर्यंत उठली नाही.

नाव लिहायची पद्धत नाही, म्हणून लिहीत नाही.

एक ओळखीचे गृहस्थ